पाठ टेकण्यापुरती जागा

आपल्या भाषेत माणसे गाडीतूनही उतरतात आणि मुक्कामालाही उतरतात. दोन्ही क्रियांना एकच शब्द का असावा, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटते, भाषा घडवणाऱ्या शहाण्या पूर्वजांना पक्के ठाऊक असावे की, गाडीतून उतरल्याबरोबर माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो "आता उतरायचे कुठे?" हाच. देवदर्शन काय नि सृष्टिशोभा काय, सारे त्यानंतर. असे असूनही प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी ह्या प्रश्नाला हमखास बगल देतात. ती आपल्याला हिमशिखरे दाखवतात, चित्रशाळांतून हिंडवतात, कारंज्यांपाशी नेऊन उभे करतात. पण रात्री अंथरूण कुठे पसरले आणि त्याचे किती पडले, हे काही सांगत नाहीत. संसारी वाचकाला तर नेमके तेच हवे असते!

मी ते सांगणार आहे. कारण आमच्या युरोपच्या प्रवासाचा जो काही खल झाला, तो सारा ह्या एकाच गोष्टीपायी झाला.

आमचे घर पालघर तालुक्यातल्या केळव्याचे. सुरूच्या बनाआड समुद्र, आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी माणसांची रीघ. गावात जागोजागी 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशा पाट्या दिसतात. तशी एक आमच्याही ओटीवर आहे. मागच्या अंगाच्या दोन खोल्या भावाने पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्यामुळे जागा शोधणारा माणूस कसा असतो, हे मी उंबरठ्याच्या आतल्या बाजूने पुष्कळ वर्षे पाहत आले. कोणी गादी दाबून पाहतो, कोणी नळ सोडून पाहतो, कोणी खिडकीतून समुद्र दिसतो का ते पाहतो. एक वयस्क गृहस्थ मात्र यातले काहीच करीत नसत. दाराची कडी आतून घालून बघत आणि म्हणत, "चला, झाले!" खोली निवडताना माणूस खोलीपेक्षा स्वतःविषयीच अधिक सांगून जातो, हे मला तेव्हाच कळू लागले होते.

माझी भाची बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. चार वर्षांच्या पगारातून तिने पैसे साठवले आणि एके दिवशी जेवताना जाहीर केले, "मी पाठीवर पिशवी टाकून युरोपात जाणार." भावाच्या हातातला घास हातातच राहिला. मुलगी शहाणी, कमावती. नाही म्हणावे तर कसे, आणि हो म्हणावे तर रात्री झोप कशी लागावी? शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तू बरोबर जाणार असशील तर माझी हरकत नाही."

अशा रीतीने शाळेतून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली मी एकाएकी त्या प्रवासाची अट होऊन बसले. माझ्या विमानाच्या भाड्यापुरते माझ्यापाशी होते. राहण्याखाण्याची रक्कम मात्र दोघींची मिळून एकच, आणि तीही तिच्याच घामाची.

आता हिशेब पाहा. राहण्यासाठी आम्ही १२०० युरो बाजूला काढले होते. जूनच्या दिवसांत बऱ्यापैकी हॉटेलातली दोघींची खोली रात्रीला १२० युरोच्या खाली मिळेना. म्हणजे दहा रात्री. उलट, होस्टेलच्या सामायिक खोलीत एक खाट ३३ युरोच्या आसपास. म्हणजे अठरा रात्री. प्रश्न सुखसोयीचा राहिलाच नाही. आठ दिवसांचा झाला. आठ दिवसांत एक अख्खा देश बसतो! भाऊ म्हणाला, "परक्या मुलखात परक्या माणसांबरोबर एका खोलीत निजणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "लोक केळव्यात आहेत रे. तिथे कोण ओळखतेय आपल्याला?"

व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे कागद जोडावे लागतात. त्यामुळे कुठल्या रात्री कुठे निजायचे, हे आम्हाला ओटीवर बसूनच ठरवणे भाग होते. भाची मोबाइलवर तिथे राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचू लागली. "आत्या, ही जागा छान आहे, ही तर फारच छान आहे." मी तिला थांबवले. पाहुण्यांच्या स्तुतीवर मी तीस वर्षांत कधी विसंबले नाही. निघताना सगळेच "मजा आली" म्हणतात. म्हटले, "तू फक्त तक्रारी वाच."

आणि काय सांगू, सारा नकाशाच उजळला! एकाची तक्रार: रात्री दहानंतर इथे बोलूसुद्धा देत नाहीत. वा! आम्हाला हवे ते हेच. दुसऱ्याची: आसपास करमणुकीचे काही नाही. तेही उत्तम. तिसऱ्याची: स्नानघर मजल्याच्या पार टोकाला आहे. आमचे तर विहिरीपलीकडे होते, त्याचे आम्हाला काय? पण "गादीत ढेकूण निघाले" असे दोघांनी लिहिलेले दिसले की ती जागा बाद. "स्टेशनहून येताना रात्री भीती वाटली" असे एकाही बाईने लिहिले असले तरी बाद. शेवटी आमच्या गरजा चार उरल्या: फक्त बायकांची खोली, स्वतःचे कुलूप लावता येईल असे कपाट, स्टेशनापासून पंधरा मिनिटांच्या आत पायवाट, आणि मला खालची खाट. बाकी सारे असले तर आनंद, नसले तर चालेल. शिवाय भाड्याचा आकडा पुरा नसतो, हेही लक्षात आले. कुठे चादरीचे वेगळे, कुठे टॉवेलचे वेगळे. आणि पुष्कळ शहरांत नगरपालिकेचा कर खिडकीपाशी निराळा मोजून द्यावा लागतो. आमच्याकडे 'जेवण धरून की जेवणाशिवाय?' असे विचारतात ना, तसलाच प्रकार.

व्हेनिसला खाटा महाग. पण खाडीवरच्या लांब पुलाअलीकडे मेस्त्रे नावाचे गाव आहे. तिथे त्या स्वस्त. "पण ते लांब पडते, असे सगळे लिहितात," भाची म्हणाली. किती लांब? आगगाडीने दहा-बारा मिनिटे! ज्यांचे शेजारीपाजारी पहाटेच्या गाडीने शंभरेक किलोमीटर तुडवून चर्चगेटला नोकरीला जातात, त्या बोईसर-पालघरच्या माणसांना हे 'लांब' ऐकून हसू न आले तरच नवल. मेस्त्रे आम्ही ताबडतोब ठरवून टाकले. व्हिएन्नाहून व्हेनिसला जायला रात्रीची गाडी निवडली. डब्यात सहा निजायच्या फळ्या, आपल्या गाडीसारख्याच. भाडे आणि मुक्काम एकाच तिकिटात.

पहिला मुक्काम कलोनचा. ऱ्हाईन नदीच्या एका तीरावर १५७ मीटर उंचीचे ते प्रसिद्ध चर्च, आणि समोरच्या तीरावर आमचे होस्टेल. मधल्या रेल्वेपुलाच्या जाळीवर प्रेमिकांनी हजारो कुलपे अडकवली आहेत; माझ्या हातात कपाटासाठी पालघरच्या बाजारातून नेलेले कुलूप. खोलीत पाहते तो सहा खाटा, त्यातल्या खालच्या तिन्ही भरलेल्या. मी शिडीकडे पाहिले, शिडीने माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात खालच्या खाटेवर वाचत पडलेली एक मुलगी उठली. तिने माझ्या गुडघ्यांकडे बोट केले, आपली उशी-चादर उचलून वरच्या खाटेवर टाकली आणि माझ्यासाठी नवी चादर ताणून पसरली. ती कोणत्या देशाची होती, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. गाडीत खालचा बाक म्हाताऱ्या माणसाला द्यावा, हे मात्र तिला तिच्या घरी कोणीतरी शिकवले होते. रात्री भावाचा फोन आला, "दाराला कडी आहे ना?" मी म्हटले, "कडी आहे, आणि माणसेही आहेत."

कलोनहून आम्ही आल्टेनाला गेलो. हे नाव तुम्ही ऐकले नसेल. पण एका शिक्षिकेला ते तीर्थक्षेत्रच! रिशार्ड शिरमान नावाचा तिथला एक शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला. वाटेत वादळाने गाठले. एका गावच्या शाळेत पेंढा पसरून सर्वांनी रात्र काढली. मुले झोपली, मास्तर जागाच होता. सुटीत देशभरच्या शाळा रिकाम्या पडतात, त्या चालत्या मुलांच्या मुक्कामाला का देऊ नयेत, असे त्याच्या मनात आले. त्यातून आल्टेनाच्या किल्ल्यावर पहिले कायमचे यूथ होस्टेल उभे राहिले आणि पुढे ती कल्पना जगभर पसरली. नाव तरुणांचे असले तरी माझ्यासारख्यांनाही आज ते दार बंद नाही. किल्ल्यातल्या त्या जुन्या खोल्या, जाडजूड लाकडी खाटा संग्रहालय म्हणून जपून ठेवल्या आहेत, आणि किल्ल्यावर आजही होस्टेल चालते.

त्या खाटांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. निवडणुकीच्या कामावर मोखाडा-जव्हारकडच्या शाळांत मतदानाच्या आदल्या रात्री आम्ही शिक्षक असेच निजत असू. बाके जोडून, दप्तरे उशाशी घेऊन, फळ्यावर अर्धवट पुसलेले पाढे पाहत. आषाढीला वारकरीही वाटेवरच्या शाळांतून असेच निजतात. शाळेच्या छपराखाली कोणालाही पाठ टेकू द्यावी, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची आहे की, तिच्यातून एखादी चळवळ उभी राहील असे कोणाला सुचले नसते. त्या मास्तराला सुचले. त्याचा मला हेवाही वाटला आणि अभिमानही.

व्हिएन्नाच्या होस्टेलात सामायिक स्वयंपाकघर होते. रविवारी तिथली दुकाने बहुतेक बंद. पण आमच्या पिशवीत डाळ-तांदूळ आणि गोडा मसाला होता. तूप मात्र नव्हते; दुधाचे जिन्नस सामानातून युरोपात नेता येत नाहीत. बिनतुपाच्या खिचडीचा वास सुटला आणि दोन-तीन मुले ताटल्या घेऊन घुटमळू लागली. तिथली एक रीत मला फार आवडली. जाणाऱ्याने उरलेले मीठ, तेल, तांदूळ एका फळीवर ठेवून जायचे. येणाऱ्याने हवे ते घ्यायचे. निघताना आम्ही गोड्या मसाल्याची पुडी तिथे ठेवली. तिचे पुढे कोणी काय केले असेल, या विचाराने आम्ही गाडीत पुष्कळ हसलो.

हसून झाल्यावर भाची जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, बोईसरला आमच्या कारखान्यातले कामगार असेच राहतात. एका खोलीत आठ-आठ. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्याच अंथरुणावर पडतो. त्यांच्या राहण्याला मात्र कोणी प्रवास म्हणत नाही."

मला काही उत्तर सुचले नाही. १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरच्या कुशीत कारखान्यांची वसाहत पसरली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तिथे येऊन उतरली. आम्ही दोघी आठ दिवस वाढवण्यासाठी परक्यांच्या खोलीत निजलो. ती माणसे घरी चार पैसे अधिक धाडण्यासाठी निजतात. खाट तीच, गर्दी तीच. आम्हाला तक्रारी वाचून जागा निवडता आली. त्यांची तक्रार वाचतो कोण? स्वस्त जागेतली गोडी जागेत नसून निवडण्यात आहे, हे मला त्या अंधाऱ्या डब्यात, फळीवर पडल्यापडल्या उमगले. आपल्याला कशावाचून चालते, हे आपले आपण ठरवले तर तो साधेपणा; दुसऱ्याने ठरवले तर ती ओढाताण.

परत आल्यावर मी भावाला सांगून मागच्या एका खोलीत चार खाटा टाकून घेतल्या. प्रत्येकीला कुलूप लागेल अशी पेटी दिली, दाराची कडी नवी बसवली, आणि स्वयंपाकघरात एक फळी मोकळी ठेवली. सायकलीवर हिंडणारी मुले, सुटीच्या दिवशी समुद्र पाहायला बोईसरहून येणारे कामगार आता खोली न घेता नुसती खाट घेतात. फळीवर परवा कोणीतरी अर्धी बाटली मोहरीचे तेल ठेवून गेले आहे.

गेल्या महिन्यात भाचीने पोर्तुगालचा बेत काढला. या खेपेला एकटीचाच. मी ओटीवर तांदूळ निवडीत होते आणि भाऊ काय म्हणतो ते कान देऊन ऐकत होते. ताई बरोबर जाणार का, असे त्याने विचारले नाही. खुंटीवरच्या सदऱ्यातून चष्मा काढला, पुसला, लेकीशेजारी बाकावर टेकला आणि म्हणाला, "हं, तक्रारी वाच बघू."