लॅमिंग्टन रोडवर एक दुपार

मुंबईंतील बहुतेक जुन्या रस्त्यांना दोन नांवें असतात. एक पाटीवरचें आणि दुसरें लोकांच्या तोंडांतलें. ऑपेरा हाऊसपासून निघून ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेच्या अंगानें मुंबई सेंट्रलकडे जाणाऱ्या रस्त्याचें पाटीवरचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. परंतु टॅक्सीवाल्यास तें सांगून पाहावें. तो क्षणभर विचारांत पडतो आणि मग म्हणतो, "म्हणजे लॅमिंग्टन रोड ना?" लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ पासून १९०७ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पुढें १९४० सालीं लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्यें उधमसिंगांनीं ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, त्या सभेस हजर असलेले हेच वृद्ध गृहस्थ हाताला जखम होऊन घरीं गेले, ही गोष्ट मात्र त्यांच्या नांवाच्या रस्त्यावर कोणास ठाऊक असेल असें वाटत नाहीं. नव्या नांवाचीं आद्याक्षरेंही एकदां साऱ्या देशानें ऐकलीं आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर स्वतःचे प्राण देऊन अतिरेक्यास जिवंत पकडून देणारे तुकाराम ओंबळे हे येथल्याच डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे.

रस्ता प्रेक्षणीय आहे असें कोणीही प्रवासी लिहिणार नाहीं. दक्षिण टोंकाजवळ १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें उघडलेलें आणि बराच काळ बंद राहून २०१६ सालीं पुन्हां सुरू झालेलें ऑपेरा हाऊस आहे, तेवढीच काय ती शोभा. त्यापुढें पूर्वीं चित्रपटगृहांची गर्दी होती. त्यांपैकीं मिनर्व्हामध्यें १९७५ सालीं लागलेला 'शोले' पांच वर्षें उतरला नाहीं. आतां ती इमारतच उरलेली नाहीं. चित्रपटगृहें मागें सरलीं, पण दुकानें राहिलीं. ज्या काळीं रेडिओ घरांत ठेवण्यास पोस्टांतून परवाना काढावा लागे, त्या काळीं हौशी मंडळी व्हॉल्व्ह आणि कॉइल शोधीत येथें येत. मग ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, संगणक आले. माल बदलत गेला, बाजाराचा स्वभाव बदलला नाहीं. इतरत्र अखंड वस्तु मिळते. येथें वस्तूचा कोणताही एक अवयव सुटा मिळतो. एखाद्या स्क्रूसाठीं दहा पायऱ्या चढून यावें, आणि दुकानदारानें न हसतां तो शोधून द्यावा, हें या रस्त्याचें खरें वैशिष्ट्य होय.

अशा या रस्त्यावर गेल्या वैशाखांतल्या एका दुपारीं मी पुतणीस घेऊन गेलों. तिचा लॅपटॉप २०१९ सालीं घेतलेला. वर्षभर त्याचा आवाज वाढत होता. पुढें तो इतका तापूं लागला कीं मांडीवर ठेवणें अशक्य झालें. आणि शेवटीं काम चालू असतां मध्येंच थिजूं लागला. बाजारांत यास 'हँग होणें' म्हणतात. पडद्यावरचा बाण जागचा हलत नाहीं, अक्षर उमटत नाहीं, आणि बटण दाबून धरून यंत्र विझविण्यावांचून गति उरत नाहीं. एका नामांकित दुरुस्तीकेंद्रानें यंत्र न उघडतांच मदरबोर्ड गेल्याचें निदान केलें व जो आंकडा सांगितला त्यांत थोडी भर घातली असतां नवा लॅपटॉप येता. घरांतल्या तरुणांचें मतही नवाच घ्यावा असें पडलें.

प्रश्न पैशाचाच असता तर मी उन्हांत निघालों नसतों. त्या यंत्रांत पुतणीचा एम. ए. चा प्रबंध होता, आणि त्याहून मोलाची अशी एक गोष्ट होती. २०२० च्या टाळेबंदींत आमच्या मातोश्रींनीं तिला मंगळागौरीचीं आणि डोहाळजेवणाचीं मिळून ४१ गाणीं म्हणून दाखविलीं होतीं व तिनें तीं मोबाइलवर मुद्रित करून लॅपटॉपमध्यें उतरविलीं होतीं. तो मोबाइल पुढें नादुरुस्त झाला. मातोश्री २०२२ सालीं गेल्या. त्यांचा आवाज आतां त्या एका तापट पेटींत होता.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची आठ हात लांब खोली. वयानें पन्नाशीचे, कोंकणांतल्या बोलीचे एक कारागीर तेथें भिंगाखालीं काम करीत होते. त्यांनीं लॅपटॉप हातीं घेतला, पण उघडला नाहीं. आधीं विचारलें, "ताई, आधीं आवाज वाढतो आणि मग हँग होतो, कीं थंड असतांनाही होतो?"

पुतणीनें आठवून सांगितलें, कीं कधीं कधीं सकाळीं सुरू केल्या केल्याही होतो.

"मग हे दोन आजार आहेत," ते म्हणाले. एवढ्या एका प्रश्नानें जें कळलें तें दुरुस्तीकेंद्राच्या छापील कागदावर नव्हतें. त्यांनीं यंत्र सुरू करून कान लावला व आम्हांसही लावावयास सांगितला. वाऱ्याचा घोंघावणारा आवाज असेल तर पंखा जिवंत आहे, पण त्याची वाट कोंडली आहे. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज आला तर पंख्याचें बेअरिंग झिजलें. आणि या दोहोंच्या खालीं, अगदीं बारीक, घड्याळासारखें 'टक्' होऊन थोडें थांबून पुन्हां 'टक्' होत असेल, तर दोष पंख्यांत नसून हार्ड डिस्कमध्यें आहे. आम्हीं श्वास रोखून ऐकलें. घोंघावण्याच्या आड ती टकटक होती.

त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहिली. यंत्रांत कोणतें काम किती शक्ति खात आहे याची यादी 'टास्क मॅनेजर' या खिडकींत दिसते. आपण कांहीं करीत नसतांही एखादा कार्यक्रम प्रोसेसर अडवून बसला असेल, तर पेटी खोलण्यापूर्वीं त्याचा बंदोबस्त करावा. पुष्कळ पंखे एवढ्यानेंच शांत होतात. आमच्या यादींत तसें कांहीं नव्हतें. यंत्र स्वस्थ बसलें असतां प्रोसेसर ७८ अंशांवर होता, आणि एक चित्रफीत लावतांच ९७ वर गेला.

येथें त्या पेटीच्या पोटांतील व्यवस्था सांगितली पाहिजे. नखाएवढी सिलिकॉनची चकती १५ ते ४५ वॉट वीज खाते आणि ती जवळजवळ सारी उष्णतेच्या रूपानें परत देते. ही उष्णता बाहेर नेण्यासाठीं चकतीच्या माथ्यावर तांब्याची चपटी नळी बसविलेली असते. नळी भरीव नसते. तिच्या पोकळींत थेंबभर पाणी असतें व हवा काढून घेतलेली असते. चकतीजवळच्या टोंकास पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोंकाकडे धांवते, तेथें निवून पुन्हां पाणी होते, आणि आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें, परत येतें. निवण्याच्या टोंकास पातळ पत्र्यांची जाळी असते व तिच्यांतून पंखा वारा फेंकतो. चकती आणि तांबें यांच्यामध्यें डोळ्यांस न दिसणाऱ्या खांचा असतात. त्या भरण्यासाठीं थर्मल पेस्ट नांवाचा लेप देतात. म्हणजे लेप, नळी, जाळी आणि पंखा अशी ही चार ठिकाणांची उतारपेठ आहे. एका ठिकाणीं अडलें कीं माल मागें तुंबतो. बहुतेक प्रोसेसरांच्या सहनशीलतेची सीमा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. तिच्याजवळ येतांच प्रोसेसर जीव वांचविण्यासाठीं स्वतःच आपली गति कमी करतो, आणि आपण म्हणतों कीं यंत्र म्हातारें झालें. त्याउपरही तापला तर यंत्र एकदम बंद पडतें. केवळ तापानें यंत्र मंद होतें, विझतें. थंड असतांना थिजलें तर कारण दुसरीकडे शोधावें, असें त्या कारागिरांचें म्हणणें होतें व तें मला पूर्ण पटलें.

त्यांनीं तळाचे स्क्रू काढून ज्या क्रमानें निघाले त्या क्रमानें कागदावर मांडले, आणि सर्वांआधीं बॅटरीची जोडणी सोडविली. बॅटरी फुगलेली नाहीं ना हें बोटानें चांचपून पाहिलें. फुगलेली असती तर ती दाबणें वा टोंचणें म्हणजे आगीस आमंत्रण. पुतणीचा जीव स्वच्छतेकडे लागला होता, पण कारागिरांनीं प्रथम हार्ड डिस्क बाहेर काढून आपल्या संगणकास जोडली. तपासणीच्या कार्यक्रमानें तिच्या नांवापुढें पिवळा इशारा दाखविला. तबकडीवरील कित्येक जागा वाचतां येत नव्हत्या. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या या तबकडीवरून वाचक सुई केंसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. झीज एकदां सुरू झाली कीं प्रत्येक वाचनागणिक ती वाढूं शकते.

"चेकडिस्क वगैरे कांहीं चालवूं नका," ते म्हणाले. "ती दुरुस्तीच्या नादांत मरते. काय सर्वांत महत्त्वाचें आहे तें सांगा, तें आधीं घेऊं."

पुतणी म्हणाली, "आजीचीं गाणीं."

"आणि प्रबंध?"

"तो नंतर."

हें तिनें क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें. मी कांहीं बोललों नाहीं.

प्रत उतरण्यास वेळ लागणार होता. ती तेथेंच बसून राहिली व मी खालीं उतरलों. दुपारच्या उन्हांतही हातगाड्या अडकलेल्या होत्या; कोणी खांद्यावर टेलिव्हिजनचा खोका घेऊन वाट मागत होता, पदपथावर रिमोट, चार्जर व वायरींचीं भेंडोळीं भाजीसारखीं मांडलेलीं होतीं. एका दुकानांत एक वृद्ध गृहस्थ जुन्या रेडिओची बंद पडलेली कळ घेऊन उभे होते, आणि विशींतला विक्रेता डबे उपशीत होता. त्याला ती सांपडली कीं नाहीं हें पाहण्यास थांबलों नाहीं. नव्या पेठांत यांत्रिक वस्तूला वय झालें कीं तिला कोणी ओळख देत नाहीं. येथें अजून तिची नाडी पाहतात. हा बाजार फार धर्मात्म्यांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. भाव विचारल्याशिवाय हात लावूं देऊं नये आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा, हे येथले जुने नियम आहेत.

वर आलों तों पंखा सुटा करून ठेवला होता. जाळीच्या तोंडाशीं धुळीचा, जणू लोंकरीचा, एक सलग पट्टा बसला होता. तो पंखा आणि जाळी यांच्यामध्यें असल्यानें बाहेरून फुंकर घालून कधींच निघाला नसता. कारागिरांनीं तो चिमट्यानें एका तुकड्यांत उचलला. मग ब्लोअर लावतांना पंख्याचीं पातीं काडीनें अडवून धरलीं. मोकळीं सोडलीं तर तीं भलत्याच वेगानें फिरून बेअरिंग खराब होतें. वाळून खडूसारखा झालेला लेप अल्कोहोलनें पुसला, मटाराएवढा नवा ठेवला, आणि तांब्याच्या पट्टीचे स्क्रू तिच्यावरील आंकड्यांच्या क्रमानें थोडे थोडे आंवळले. धूळ चिकट होती. त्यांनीं विचारलें, लॅपटॉप स्वयंपाकघराजवळ किंवा देवघरांत असतो काय? आमच्याकडे तो गादीवर असतो, आणि गादी देवघराच्या दाराशीं आहे. फोडणीचा धूर, उदबत्ती आणि कापूस या तिहींचा तो पट्टा होता. तळाच्या झरोक्यांतून वारा आंत जातो, गादी ते बुजविते; पाटावर ठेवला तरी पुरे, असें ते म्हणाले.

जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं त्यांनीं एसएसडी बसविली; तिच्यांत फिरणारें कांहीं नसतें. नंतर यंत्रावर मुद्दाम भार टाकून अर्धा तास चालविलें. स्वस्थ असतां ४६ अंश, भाराखालीं ७४. पंखा फिरत होता हें झरोक्यापाशीं हात नेल्यावर कळलें. सारा खर्च मदरबोर्डाच्या आंकड्याच्या पंचमांशाहून कमी झाला.

प्रबंध संपूर्ण मिळाला. गाण्यांपैकीं ३९ मिळालीं. दोन फायली अर्ध्यावर अडकत होत्या. तीनदां प्रयत्न करून कारागिरांनीं हात आवरला आणि तबकडी कागदांत गुंडाळून परत दिली. यापुढचें काम धूळविरहित खोलींत तबकडी उघडून करतात, त्यास खर्च फार येतो, आणि तोंवर हिला कोठेंही जोडूं नका, असें त्यांनीं बजावलें. ग्रँट रोड स्टेशनाकडे चालतांना पुतणीनें त्या दोन गाण्यांचीं नांवें कागदावर लिहून काढलीं. एक नागपूरच्या आत्याबाईंना येतें. दुसऱ्यासाठीं ती तबकडी आमच्या कपाटांत ठेवलेली आहे.