नववीची यादी

दहावीचा निकाल दहावीत लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एप्रिलमध्ये एखाद्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये येऊन बसावं. नववीच्या वर्गशिक्षकापुढे तिथे एक यादी असते. गणितात बारा, इंग्रजीत नऊ, हजेरी निम्मी. ही मुलं वर गेली तर पुढच्या वर्षी शाळेचा दहावीचा निकाल किती खाली येईल, याचा तोंडी हिशेब होतो आणि काही नावं नववीतच थांबवली जातात. कागदावर ती नापास असतात. आपसात बोलताना आम्ही 'गाळली' म्हणतो. त्यातली फार थोडी पुन्हा नववीच्या बाकावर येतात. बाकीची शेतात, गवंड्याच्या हाताखाली, नाहीतर पुण्याकडे; मुलगी असेल तर बहुधा मांडवात. एखादा जिद्दी निघतो, तो पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवतो आणि बरीच वर्षं मी या यादीच्या बाजूचा होतो. वरून दबाव होता म्हणून नव्हे, मला ते पटत होतं. ज्याला अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, त्याला वर्गसमीकरणांपुढे नेऊन बसवायचं कशाला? एक वर्ष जास्त मिळालं तर पाया पक्का होईल, असं मी पालकांना सांगायचो. हा युक्तिवाद मला आजही खोटा वाटत नाही. फक्त त्यासाठी मुलगा जूनमध्ये परत यावा लागतो. शिवाय फाटकावर '१०० टक्के निकाल' असा फ्लेक्स लागला की मलाही बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

२०१९ साली बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले आणि राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० वर आला. आमचाही आपटला. संस्थेच्या बैठकीत ज्याला त्याला खुलासा विचारला गेला. पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले, पण धसका गेला नाही. या खेपेला नववीत हयगय करायची नाही, असं ठरलं. पहिल्या सत्राचे पेपर मी हात राखून तपासले आणि दिवाळीनंतर कच्ची यादीही करून ठेवली.

मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. एप्रिल २०२० मध्ये नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली; पहिल्या सत्रावरून सगळ्यांना वर घ्या, असा आदेश आला. जी तुकडी चाळून काढायची ठरली होती, तीच अख्खी दहावीत पोचली.

त्याच महिन्यात ऊसतोड मजूर कारखान्यांवरून परत आले आणि आमच्या वर्गखोल्यांतच त्यांना काही दिवस ठेवलं. नोंदवही सांभाळण्याची ड्यूटी माझ्याकडे होती. पालकसभेला कधी न दिसलेले आईबाप तिथे मला पहिल्यांदा निवांत भेटले. पालकसभा आम्ही तेव्हा जानेवारीत घ्यायचो. जानेवारीत ही माणसं फडात असतात. इतकी वर्षं 'यांना पोरांची काळजीच नाही' असं म्हणणाऱ्यांत माझाही आवाज असायचा.

जूननंतरचं वर्ष सगळ्यांनीच पाहिलं आहे, त्यामुळे फार सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप झाले, रेंजसाठी मुलं टेकाडावर चढली, मंदिराच्या सभामंडपात अंतर ठेवून बसवून आम्ही भूमितीच्या आकृत्या काढल्या, मधेच 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणाला ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलो. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. ते फोटो पाहून आमच्या चित्रकलेच्या मॅडमनी गावातल्या दोन-तीन भिंती घेतल्या. पायथागोरसचं प्रमेय अजून एका गोठ्यावर आहे. या धडपडीचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. माझं मत मात्र त्याने बदललं नाही.

ते बदललं दसऱ्यानंतर. गावातली पोरं सभामंडपात येत होती, पण यादीतली नावं गायब होत चालली होती, म्हणून मी एकेकाला फोन लावायला घेतले. बहुतेक फोन सांगली-कोल्हापूरकडे लागले. मुकादमाकडून उचल घेतलेली, टोळी गेलेली. शाळा बंद, म्हणून यंदा पोरंही बरोबर. आधी दहावीचं एखादं पोर आजीजवळ तरी राहायचं. फोन लावता लावता मी यादी पुन्हा पाहिली. गणितात कच्ची, हजेरी निम्मी, दुसऱ्या सत्रात गैरहजर, या माझ्या खुणा. त्याच खुणांनी कुणी कोयत्यावर जाणारी घरं शोधली असती, तर त्याच्या हातीही जवळपास हीच नावं लागली असती. नोव्हेंबर ते मार्च जे पोर वर्गात नसतं, त्याला दुसऱ्या सत्राचा बीजगणिताचा पेपर कसा सुटणार? एवढी साधी गोष्ट कळायला मला फोन नंबरांचा रकाना भरावा लागला.

एका मुलीच्या आईने फोन उचलला. "सर, फोन दिवसा माझ्याजवळ आसतो. पोरगी वाढं बांधती. रातच्याला देते तिला, चार्जिंग राह्यली तर." कोपीत वीज नव्हती, गाडीतळावरच्या टपरीवर फोन चार्ज व्हायचा. त्या मुलीची उदाहरणं रात्री उशिरा यायची, वहीच्या पानाचा अंधारात काढलेला फोटो. अर्धी चुकलेली असायची. पण यायची, आणि चुकलेलं दुरुस्त करून पुन्हा यायची. गावातल्या, घरात वायफाय असलेल्या काही हुशार पोरांकडून मात्र तेवढंच काम काढून घेताना माझा घसा सुकत होता.

२३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. आमच्या कोरोना चाचण्या झाल्या, पालकांची संमतीपत्रं गोळा झाली. फडावरच्या पोरांना त्याचा उपयोग नव्हता. यादीतली दुसरी एक मुलगी तर परत आलीच नाही. त्या काळात लग्नं थोडक्या माणसांत, थोडक्या पैशांत उरकत होती, आणि मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. ती दहावीत गेलेली होती, तरीही गेली. म्हणून सगळ्यांना वर ढकलल्याने सगळं सुटतं, असं मी म्हणणार नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली. पुढे सूत्र आलं: वर्षभरातल्या चाचण्यांचे ३० गुण, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० आणि नववीच्या निकालाचे ५०. म्हणजे त्यांच्या प्रमाणपत्राचा निम्मा भाग, त्यांना गाळायला पुरावा हवा म्हणून हात राखून दिलेल्या माझ्याच आकड्यांवर उभा राहणार होता. ते बदलता येणार नव्हते. ३० गुणांत मात्र ती रात्रीची पानं कामाला आली. त्या मुलीला मी जे दिले ते डोळे झाकून दिले नाहीत, एकेक पान मोजून दिले.

१६ जुलैला राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि पहिल्याच तासात वेबसाइट बसली. शहरांत अकरावीच्या सीईटीचा वाद हायकोर्टापर्यंत गेला आणि ऑगस्टमध्ये कोर्टाने ती रद्द केली. आमच्याकडे अकरावीच्या जागा भरता भरत नाहीत, त्यामुळे तो वाद आम्ही पेपरातच वाचला. 'फुकट पास' ही थट्टा मात्र गावातही चालली, आणि आरंभी मीही हसलो होतो.

यादीतले काही कला शाखेला गेले. एकाने आयटीआयला तारतंत्रीचा कोर्स केला. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेची मोटार त्यानेच लावून दिली, आणि मजुरी पूर्ण घेतली. काही जण बारावीला अडकले. फडावरून पानं पाठवणारी २०२३ च्या नेहमीच्या परीक्षेत बारावी झाली, बेताच्याच गुणांनी. यात चमत्कार कुठेच नाही. नववीत थांबली असती तर यातलं काहीच झालं नसतं, एवढंच.

आता एप्रिलच्या बैठकीत मी यादीला विरोध करतो. यादीच्या बाजूच्यांचं म्हणणंही वजनदार आहे: ते वर्ष महामारीचं, त्यावरून धोरण ठरत नसतं, पेपर खरा झाला की हीच पोरं आपटतील, आणि आपटलीही आहेत. गाळणं कमी केल्यापासून आमच्या फाटकावर फ्लेक्स लागलेला नाही. मी दिवाळीआधी, टोळ्या जायच्या आत, या पोरांचे जादा तास घेतो आणि पालकसभा सप्टेंबरात ओढून आणली आहे.

गेल्या खेपेला मुख्याध्यापकांनी सरळ विचारलं, "निकाल पडला तर संस्थेला खुलासा कोण देणार?" गणिताचा मी लेखी देतो म्हणालो. इंग्रजीच्या सरांनी अजून होकार दिलेला नाही.