वहीत नसलेली नावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका जुन्या आडत पेढीच्या घरातील ही गोष्ट. थोरली सून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन या घरात आली. बारा वर्षे संसार, सणवार आणि दोन मुलांच्या शाळा सांभाळल्यावर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिने एका संध्याकाळी पीएच.डी. करण्याची इच्छा बोलून दाखविली. सासूबाई हसून म्हणाल्या, "डॉक्टर होशील, पण औषध देता येणार नाही ना?" अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला : "किती वर्षे लागतील आणि हाती काय येईल?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे. गरज पडल्यास मुदतवाढ. प्रथम प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, नंतर संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगतीचा अहवाल, शेवटी प्रबंध. तो मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात आणि मग मौखिक परीक्षा होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा तिच्याजवळही नव्हते.

समाजकार्य म्हणजे दानधर्म, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत असते. शाळेला खोली बांधून देणे, उन्हाळ्यात पाणपोई घालणे, रुग्णांना मदत करणे ही कामे थोरच आहेत. परंतु 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पहिले पदव्युत्तर विद्यालय निघाले, त्यामागे वेगळा विचार होता. मदत देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा पुरेसा नाही. मदतीची वेळ का आली, हे शोधण्याचेही शास्त्र असते आणि ते शिकावे लागते. पुढे हीच संस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून नावारूपास आली. पीएच.डी. ही या शोधाची सर्वांत लांबची वाट.

सुनेने विषय निवडला तो पन्नाशी ओलांडलेल्या हमालांचा. माथाडी कायदा 1969 साली झाला. हमालाची नोंदणी व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, मालकाने भरलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी यांची सोय व्हावी, ही त्याची योजना. पण क्विंटलची पोती पाठीवर वाहून ज्यांच्या कमरा गेल्या, त्यांच्या म्हातारपणी या योजनेतले नेमके काय उरते, हे तिला पाहायचे होते. एका पुरुषाने हाताने 55 किलोपेक्षा अधिक ओझे नियमितपणे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच केली होती.

अण्णांचा चेहरा उतरला. "यार्डातच कशाला? चार लोक काय म्हणतील?" तरीही त्यांनी नकार दिला नाही.

खरी अडचण पुढेच होती. घरी सूर्यास्तापूर्वी पाने मांडली जातात. हमाल मोकळे होतात ते त्याच वेळी. आठवड्यातून तीन दिवस ती उपाशीच यार्डात जाई. सासूबाई पहिले काही महिने अबोल राहिल्या. मग एके दिवशी दुपारीच तिचे ताट वाढून ठेवू लागल्या. हमाल मात्र बोलत नव्हते. ज्या पेढीचा माल वाहिला, त्या घरच्या सुनेपुढे गाऱ्हाणे कोण मांडणार? "सगळं बरं हाय, वहिनी," एवढेच उत्तर. वर्षभराच्या टिपणवह्या या एकाच वाक्याने भरल्या. शेवटी ती त्यांच्या घरी, त्यांच्या बायकांशी बोलू लागली. तेव्हा एकीने सांगितले : नवरा पाठीवर झोपू शकत नाही. तीस वर्षे ओझे वाहिले, पण नोंदणी झाली ती शेवटच्या अकरा वर्षांत. आधीच्या एकोणीस वर्षांचा मंडळाकडे कागदच नाही. म्हणून त्या वर्षांचा निधीही नाही.

ती एकोणीस वर्षे सुनेच्याच पेढीवर गेली होती.

त्या रात्री तिने घरी एवढेच सांगितले, की नोंदणीपूर्वीची वर्षे कोणाच्याच हिशेबात नाहीत आणि त्यात आपलीही पेढी आहे. अण्णांनी विचारले, "कोण म्हणालं?" ती म्हणाली, "नाव सांगणार नाही, असा शब्द देऊन माहिती घेतली आहे." घरात शांतता पसरली. अण्णांचे सारे आयुष्य तोंडी सौद्यांवर गेले होते. शब्दाची किंमत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पुन्हा नाव विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरच्या जुन्या रोजमेळाच्या वह्या काढल्या. प्रत्येक पोत्याचे वजन होते, शेतकऱ्याचे नाव होते, गाडीचा नंबर होता. हमालीच्या खात्यावर मात्र रोज एकच आकडा; ती कोणी केली, याची एका पानावरही नोंद नव्हती. अण्णा बराच वेळ पाने उलटत राहिले. मग म्हणाले, "पैसे आम्ही चुकवले नाहीत, पण माणूस लिहिला नाही." त्या वह्या त्यांनी सुनेच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि मुनीमजींना सांगितले, की आपल्याकडे काम केलेल्या जुन्या माणसांची आठवून यादी करा, मंडळात पेढीच्या सहीने दाखले देऊ.

त्या दाखल्यांचा उपयोग किती होईल, हे आज सांगता येत नाही. काही माणसे गेली, काहींची नावे कोणालाच आठवली नाहीत. प्रबंधही अजून पूर्ण व्हायचा आहे. चौथे वर्ष चालू आहे. आपली पेढीही या अभ्यासाचा भाग आहे, हे तिने पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहिले आहे.

हाती काय येईल, हा अण्णांचा प्रश्न ते आता विचारत नाहीत. पेढीच्या नव्या वहीत हमालीच्या आकड्याशेजारी एक रकाना वाढला आहे. त्यात रोज नावे लिहिली जातात.