पेटाफ्लॉपच्या पलीकडची मोजणी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले, तेव्हा चर्चा झाली ती आकडेमोडीच्या वेगाची. पण उत्तरे डिस्कवर उतरेपर्यंत हजारो प्रोसेसर ताटकळत उभे राहतात, ही बाब बातमीत येत नाही.

उतरवण्याचा हा वेग मोजणे वाटते तितके सरळ नाही. 'लस्टर'सारख्या समांतर फाइल प्रणालीत एक फाइल किती भांडारांवर विभागावी, हे वापरकर्त्याला ठरवता येते. काहीच न सांगितल्यास ती बहुधा एकाच भांडारात जाते. आठांवर विभागलेली मोठी फाइल त्याच यंत्रावर कित्येक पट वेगाने लिहिली जाऊ शकते; असंख्य लहान फाइलींना मात्र हीच विभागणी जड जाते. चाचणीची फाइल मेमरीत मावत असेल, तर मोजला जातो तो मेमरीचाच वेग. (तो आकडा फार देखणा असतो!)

म्हणूनच २०१७ पासूनच्या 'आयओ५००' यादीत चाचणी सर्वांना एकच, आणि लेखन किमान ३०० सेकंद. सोयीच्या मांडणीबरोबर मुद्दाम अडचणीचीही मोजायची: सगळ्या प्रक्रिया एकाच फाइलीत ४७,००८ बाइटांचे तुकडे लिहितात.

पुण्यात धावणारा प्रोग्राम दिल्लीत रखडला, तर दोष प्रोग्रामचा की मांडणीचा, हे ओळखायला संशोधक विद्यार्थ्याला दोन्हीकडच्या सारख्या नोंदी लागतात: नोड किती, विभाग किती, त्या दिवशी डिस्क किती भरलेली होती. शेवटची नोंद सहज राहून जाते, आणि भरत आलेली डिस्क हळू चालते.