घट्टा

शब्बाथशाळेत बाई फारोची गोष्ट फार रंगवून सांगायच्या. नऊ पीडा आल्या तरी गडी हटेना. कठोर मन म्हणजे फारो, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं. आपला त्याच्याशी काय संबंध?

पुढे पाळकसाहेबांकडे ग्रीक शिकायला जाऊ लागले. पंडिता रमाबाईंनी केडगावला अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं (ते १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात, छापून आलं). आपल्याला निदान मुळाक्षरं तरी यावीत, एवढीच हौस. नव्या करारात कठोरपणाला दोन शब्द भेटले. सूटपत्राच्या वादात येशू वापरतो तो ‘स्क्लेरोकार्डिया’, म्हणजे वाळून ताठ झालेलं हृदय. तो लगेच कळला. अडले ते ‘पोरोसिस’पाशी. मोडलेलं हाड सांधताना जी गाठ धरते, तिला ग्रीक वैद्य हा शब्द वापरत. घट्टाही त्यातलाच. (आईच्या ऑस्टिओपोरोसिसमधला तो हा नव्हे. तो भोकांचा, ग्रीकमध्ये दोघांचा ‘ओ’ निराळा.)

घट्टे आजीच्या हातांना होते. तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटायची, चुलीतला निखारा हातानं मागे सारायची. आम्हा पोरांचा ताप बघायचा झाला की मात्र पालथा हात कपाळाला लावायची. “तळव्याला काय कळतंय, बाय!” ते घट्टे दुष्टपणानं थोडेच पडले होते? कामानं पडले होते, आणि त्यांच्याशिवाय तिचं घर चाललं नसतं.

मार्कच्या तिसऱ्या अध्यायात शब्बाथाच्या दिवशी, सभास्थानात, हात वाळलेला माणूस उभा आहे. भोवती जन्मभर नियमशास्त्र हाताळलेली माणसं. येशू त्याला बरा करतो की काय, यावरच त्यांचा डोळा. त्यांच्या मनाचं पोरोसिस पाहून येशू रागावतो आणि त्याच दमात दुःखीही होतो. मत्तय आणि लूक हीच घटना सांगतात, पण राग आणि दुःख दोन्ही गाळून. मला मार्कचं सांगणं खरं वाटतं.

शिवाय मार्क तिथंच थांबत नाही. त्याच धातूचं क्रियापद तो शिष्यांनाही लावतो. पाच हजारांना भाकरी यांनीच वाटलेल्या, उरलेले तुकडे यांनीच गोळा केलेले. आठव्या अध्यायात येशू होडीत विचारतो, टोपल्या किती भरल्या होत्या? बारा. आणि चार हजारांच्या वेळी? सात. उत्तरं तोंडपाठ, आणि चिंता कसली, तर होडीत एकच भाकरी आहे याची.