हँग होणारा, आपोआप रिस्टार्ट होणारा कॉम्प्युटर : आधी रोग ओळखा

आज फवारणीचं नाही, पण फवारणीच्या नोंदींचं आहे. निर्यातीच्या द्राक्षाला फवारणीच्या नोंदी लागतात. कोणतं औषध, किती प्रमाण, कोणती तारीख, काढणीआधी किती दिवस. माझ्या दोन प्लॉटच्या सगळ्या नोंदी मळ्यातल्या डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये आहेत. काढणीला तीन आठवडे राहिले आणि कॉम्प्युटर मध्येच हँग व्हायला लागला. कधी कधी तर आपोआप बंद होऊन परत चालू.

गावातला रिपेअरवाला म्हणाला, फॉरमॅट मारू, नाहीतर मदरबोर्ड बदला. मी म्हटलं, थांबा. बुरशी आहे की कीड ते न बघता पंप पाठीवर घेत नाही आपण.

सगळ्यात आधी नोंदी दोन पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या आणि प्रिंट काढून फाईलला लावल्या. मशीन चालतंय तोवर हे काम उरकायचं. फॉरमॅट मारला की सी ड्राइव्हवरचं जातं, डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली त्यातच असतात.

मग सहा दिवस वहीत लिहिलं : वेळ, काय झालं, लाईट कशी होती. त्यातून दोन वेगळे प्रकार निघाले. हँग व्हायचा तो चालू केल्यावर अर्ध्या तासाने, वेळ कुठलीही असो. रिस्टार्ट व्हायचा तो थ्री फेज आल्यावर, शिवारातल्या मोटारी सुरू होताना.

खात्रीसाठी डबा उचलून तालुक्याला मेहुण्यांच्या घरी नेला. तिथे चार तास चालवला. हँग झाला, पण रिस्टार्ट एकदाही नाही. म्हणजे हँगचा दोष डब्यात, आणि रिस्टार्टचा संबंध आपल्या लाईटशी. एका मशीनला दोन रोग.

पहिला रोग. बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान बघितलं, तर नुसता बसून ८४ अंश. तेही जानेवारीच्या थंडीत. डबा उघडला तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा बसलेला, हवा जायला जागाच नाही. वायर काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवली. पातं धरायचंच, नाहीतर हवेने जोरात फिरून पंखा खराब होतो. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, तुरीच्या दाण्याएवढी पुरते. रॅम काढून तिचे पिवळे दात खोडरबरने हलकेच पुसले. तापमान ४६ वर आलं, हँग होणं थांबलं. रिस्टार्ट मात्र चालूच.

दुसरा रोग. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल पॉवर ४१' अशा नोंदी होत्या. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. कारण ती नोंद सांगत नाही. मोटारीसाठी घेतलेला मल्टिमीटर सॉकेटला लावला. एरवी २१५ व्होल्ट, मोटारी सुरू होताना १७० पर्यंत खाली. मग एसएमपीएसची पिवळी वायर तपासली. तिथे १२ व्होल्ट पाहिजेत, ११.४ च्या खाली गेलं तर एसएमपीएसवर संशय घ्यायचा. माझ्याकडे मिळाले ११.१. एसएमपीएस थकलेला होता, म्हणून लाईटचा झटका त्याला सोसत नव्हता.

नवा एसएमपीएस टाकला. लाईट आजही १७० वर येते, पण मशीन हलत नाही. नंतर यूपीएसही जोडला, कारण लाईट पूर्ण गेली तर फाईल सेव्ह करायला वेळ मिळतो. जुना एसएमपीएस उघडायच्या भानगडीत पडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

मदरबोर्ड बदलला नाही, फॉरमॅटही मारला नाही.

तुमचं मशीन असं करत असेल तर क्रम हा ठेवा : नोंदींची कॉपी, वेळेची वही, दुसऱ्या जागेवर चालवून बघणं, धूळ आणि तापमान, रॅम, मग एसएमपीएस. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गुण कशाने आला ते कळतं. एवढं करूनही निळा पडदा येत राहिला तर हार्डडिस्क तपासून घ्या.