डॉक्टरांचे मास्तर

डॉ. श्रीराम लागू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभे राहतात ते 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर. ते साहजिकच आहे. १९७० साली आलेल्या शिरवाडकरांच्या या नाटकाने मराठी माणसाला म्हातारपणाचं भय दाखवलं. पण नटसम्राटवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मला मात्र आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे असेल, डॉक्टरांनी उभे केलेले मास्तर जास्त आठवतात. आणि गंमत म्हणजे, ते मोजायला बसलं तर बरेच निघतात!

आधी थोडं डॉक्टरांविषयी. जन्म १६ नोव्हेंबर १९२७, साताऱ्याचा. शिक्षण पुण्यात, भावे स्कूल, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल. कान-नाक-घशाचे सर्जन झाले. कॅनडा-इंग्लंडमध्ये पुढचं शिक्षण, पुण्यात प्रॅक्टिस, आफ्रिकेत टांझानियात नोकरी. भालबा केळकरांच्या पी. डी. ए.मध्ये नाटकं चालू होती, पण हौस म्हणून. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून नाटक हाच पेशा केला. आमच्या अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांच्या गावात तेव्हा एखाद्याने पगाराची नोकरी सोडली असती, तर शेजारपाजारचे समजूत घालायला आले असते. डॉक्टरकी सोडणं तर दूरच!

आता मास्तरांकडे येते.

पहिले 'पिंजरा'चे, १९७२ सालचे. शांतारामबापूंच्या या सिनेमातले गुरुजी तमाशाला विरोध करतात आणि स्वतःच त्या मोहात सापडतात. एका खुनानंतर गाव समजतं की गुरुजीच गेले. गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि गुरुजी तिकडे तमाशाच्या फडात चाकरी करत असतात. शेवटी त्यांच्यावर खटला चालतो तो त्यांच्या स्वतःच्याच खुनाचा! 'गुरुजी तो मीच' एवढं म्हटलं असतं तर ते सुटले असते. पण ते बोलत नाहीत. गावाच्या मनातली मूर्ती टिकावी म्हणून फासावर जातात.

दुसरे 'हिमालयाची सावली'तले नानासाहेब भानू. महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावरून कानेटकरांनी घडवलेला हा प्राध्यापक. जगासाठी हिमालय, पण घरच्यांच्या वाट्याला आली ती सावलीच. शांता जोगांची बयो समोर असल्यामुळे त्या मोठेपणाची किंमत कोण चुकवतं ते दिसायचं.

तिसरे 'सामना'चे. कथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. १९७५ मध्ये हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. हा मास्तर एके काळचा स्वातंत्र्यसैनिक, पण आता दारूत बुडालेला. साखरसम्राट हिंदुराव त्याला आसरा देतो, खाऊपिऊ घालतो. ते हिंदुराव म्हणजे निळू फुले! आणि हा मास्तर त्याच्याच घरचं खाऊन त्यालाच विचारत राहतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे झालं तरी काय? बस्स, तेवढंच. पुन्हा पुन्हा.

या दोन मास्तरांची मी मनात कितीदा तरी तुलना केली आहे. 'पिंजरा'च्या गुरुजींनी नाव राखलं. 'सामना'च्या मास्तरकडे राखायला नावच उरलेलं नाही, पण त्याने प्रश्न राखला. तरुणपणी मला गुरुजी थोर वाटायचे. आता सत्तरी ओलांडल्यावर वाटतं, मुलांना मूर्ती देऊन काय होणार? मूर्तीला हार घालता येतो, तिला प्रश्न विचारता येत नाही. माझ्या वर्गात कारखान्यातल्या कामगारांची मुलं असायची. त्यातली काही अजून बाजारात भेटतात, वाकून नमस्कार करतात. तेव्हा छान वाटतं, खोटं कशाला बोलू? पण खरा आनंद होतो तो एखादा म्हणतो तेव्हा, "बाई, तुम्ही तेव्हा सांगितलं होतं ते मला पटलं नव्हतं."

डॉक्टर स्वतःही प्रश्न विचारणाऱ्या मास्तरांच्याच जातीचे. देवाला रिटायर करा, असं त्यांनी लिहिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर ते गावोगाव 'विवेक जागर'चे वाद-संवाद करत फिरले. समोरच्याला बोलू द्यायचं, आपलं ठामपणे मांडायचं. मी श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जाणारी बाई. त्यांचं मला सगळं पटत नाही, आजही नाही. पण त्यांचा तरुण मुलगा तन्वीर धावत्या गाडीवर कोणीतरी भिरकावलेल्या दगडाने गेला, आणि त्यानंतरही हा माणूस आपल्या विचारापासून हलला नाही. कल्याण-बदलापूरच्या लोकलमध्ये खिडकीशी बसणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या दगडाचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या दुःखातून त्यांनी आणि दीपाताईंनी काय उभं केलं, तर नाटकवाल्यांसाठी 'तन्वीर सन्मान'. देव मानणारी मी, पण त्या जागी माझी श्रद्धा एवढी ताठ उभी राहिली असती का, कोण जाणे.

अॅटनबरोंच्या १९८२ च्या 'गांधी'मध्ये डॉक्टर गोपाळ कृष्ण गोखले झाले. गोखलेही फर्ग्युसनचे प्राध्यापक आणि गांधीजींचे गुरू! म्हणजे तिथेही मास्तरच. आणि १९९९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, मकरंद साठ्यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये ते सॉक्रेटिस म्हणून उभे राहिले. अतुल पेठ्यांनी बसवलेलं नाटक. सॉक्रेटिस म्हणजे तर सगळ्या मास्तरांचा मास्तर. प्रश्न विचारतो म्हणून विषाचा पेला घेणारा. ज्या वयात आम्ही निवृत्त मंडळी पेन्शन आणि गुडघे यांवर बोलतो, त्या वयात एवढं पाठांतर आणि एवढा विचार पेलायचा!

डॉक्टर १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात गेले. दाभोलकरांचा तर त्याआधीच, २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला होता. पेला बदलला, एवढंच.

घरात नातवंडं असतील तर त्यांना 'सामना' जरूर दाखवा. रंग नाहीत, गाण्यांची धमाल नाही, कुरकुर करतील. पण शेवटी त्यांनी तुम्हाला एखादा अडचणीचा प्रश्न विचारला, तर उठून जाऊ नका. उत्तर द्या. नसेल येत, तर तसं सांगा.